बुरकुंडांचा कोळसा

गुलाबी रंगाशी उल्काताईंचं तसं काही वाकडं नव्हतं. रामजन्माच्या कीर्तनात गुलाल उधळला की तो केसांतून लवकर निघत नसे, आणि निघू नये असंच त्यांना वाटे. पण त्या दिवशी सकाळी धायरीच्या शेडमध्ये प्रज्ञेशने काचेच्या नळीत पाणी घेतलं, एका बाटलीतले थेंब टाकले, मग दुसरीतले टाकले, नळी हलवली, आणि पाणी असं काही गुलाबी झालं की उल्काताईंना शेजारच्या पिंपाचा काठ धरावा लागला.

"अजून एकदा कर."

"तीनदा केलं, ताई."

"मग चौथ्यांदा कर की. थेंब काय सोन्याचे आहेत?"

चौथ्यांदाही गुलाबी. उलट जरा जास्तच.

गुलाबी म्हणजे निकेल. पाण्यात निकेल विरघळलेलं असलं की हे थेंब लगेच चुगली करतात. नसलं की पाणी आपलं जसंच्या तसं. आणि आज दुपारी चार वाजता प्रदूषणवाल्यांच्या देशमाने मॅडम नमुना न्यायला येणार होत्या. ही शेवटची संधी होती. पाणी नापास झालं तर शेडला टाळं.

ही शेड म्हणजे उल्काताईंच्या सासऱ्यांनी उभी केलेली. निकेल चढवण्याचं काम. पेटीच्या कड्या, बिजागऱ्या, भात्याच्या पट्ट्या, चिपळ्यांच्या चकत्या. पुण्यात जिथं म्हणून पेटी वाजते तिथं उल्काताईंच्या शेडमधलं काहीतरी चमकत असणार. पितळेची वस्तू टाकीत सोडायची, करंट लावायचा, वर काढली की चांदीसारखी. उल्काताई रोज संध्याकाळी कीर्तनाला पहिल्या ओळीत बसत, ते बुवांच्या रसाळ वाणीसाठी तर खरंच, पण पेटीवाल्याच्या कडीवर दिव्याचा उजेड पडला की त्या मनातल्या मनात म्हणत, बघ देवा, तेवढी सेवा आमचीही.

दुखणं होतं ते वस्तू धुतलेल्या पाण्याचं. इतकी वर्षं त्यात चुना टाकायचे. निकेल तळाशी बसायचं, पाणी कसंबसं उतरायचं, पण हिरवट गाळाची पोती मागच्या भिंतीशी साठत चालली होती. पावसात त्यांतलं पाणी ओढ्यात जाई. नोटीस आली ती त्यावरूनच. उल्काताईंनी ती वाचली आणि त्या दिवशी कीर्तनात त्यांचं लक्ष लागलं नाही. बुवा गंगेचं वर्णन करत होते आणि यांच्या डोळ्यांपुढं ओढा.

मग प्रज्ञेश आला. शेडमधल्या सरुबाईंचा हा भाचा, विद्यापीठात संशोधन करणारा. मावशीला न्यायला आला होता, भिंतीशी पोती पाहिली आणि तिथंच उकिडवा बसला. "मावशी, हे असं ठेवता तुम्ही?" सरुबाई म्हणाल्या, "मला काय विचारतोस? ताईंना विचार." त्याने विचारलं. नुसतं विचारलं नाही, पुढच्या आठवड्यात बरणीभर कोळसा घेऊन आला. मार्केट यार्डात कांताबाई नावाच्या मुकादम आणि त्यांच्या हाताखालच्या बायका स्वीट कॉर्नचे दाणे सोलतात. उरलेल्या बुरकुंडांचे ढीग कचऱ्यात जातात. ती वाळवून, झाकणबंद पिंपात हवा न लागू देता जाळून त्याने कोळसा केला होता. बरणीत वरून धुण्याचं पाणी ओतलं, खालून निघालं त्यात थेंब टाकले. गुलाबी नाही! उल्काताईंनी भर शेडमध्ये टाळी वाजवली होती. कणसाच्या बुरकुंडानं निकेल धरून ठेवावं! देवानं काय काय कुठं कुठं ठेवलंय, असं म्हणून त्या दोन दिवस भेटेल त्याला ते सांगत सुटल्या होत्या.

बरणीत जमलं ते आज मोठ्या पिंपात जमत नव्हतं.

"छान रंग आहे," बाळभावजी खुर्चीतून म्हणाले. हे उल्काताईंचे धाकटे दीर. बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज शेडवर येत, वर्तमानपत्र वाचत आणि कोणी विचारलं नाही तरी मत देत. "वहिनी, याच रंगाचा डबा करून मॅडमना भेट द्या. वर रिबीन बांधा."

"भावजी, आत्ता नको."

"मग केव्हा? चारनंतर काही देता येणार नाही."

प्रज्ञेशने पिंपाचं झाकण काढलं, आतला मूठभर कोळसा तळहातावर घेतला. बोटानं चोळला. बोट काळं झालं, राखेचा करडा लेप काही लागला नाही, आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "ताई, कोळसा तोच ना? मी आणून दिलेला?"

"तोच. माझ्या हातानं भरलाय. आणि नुसता नाही भरला, आधी लख्ख केला."

"लख्ख म्हणजे?"

"म्हणजे काय? परवा भरून पाहिलं तर शाईसारखं काळं पाणी. आणि राख तरी किती रे त्याला! मॅडम यायच्या आणि आपण असलं मळकं ठेवायचं? या शेडमध्ये मळकी वस्तू टाकीत जात नाही. आधी ॲसिडात बुचकळायची, मग धुवायची, मग पुढं. मामंजींचा नियम आहे. काल दिवसभर मी आणि सरुबाई हेच करत होतो. शेवटचं पाणी कसं आरशासारखं निघालं, विचार तुझ्या मावशीला."

सरुबाईंनी कौतुकानं मान हलवली.

प्रज्ञेश पालथ्या क्रेटवर बसला. आधी त्यानं डोकं धरलं, मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसतोय की रडतोय हे कोणालाच कळेना.

"कोळशाला ॲसिडमध्ये अंघोळ घातलीत, ताई?"

"पातळ होतं रे."

"अहो, ती राखच तर काम करते! कोळसा नुसता बसायला जागा देतो. राखेमुळे पाण्याची आंबटाई मरते, निकेल बाहेर येतं आणि कोळशाला चिकटून बसतं. तुम्ही राख घालवलीत आणि वर कोळशाच्या पोटात ॲसिड भरून ठेवलंत. आता निकेल कशाला थांबेल तिथं?"

उल्काताईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. लहानपणी मोरीत बसून राखेनं भांडी घासलेली, हाताला बुळबुळीत लागणारं ते राखेचं पाणी, तेलकट कढई त्यानं कशी लख्ख व्हायची, सगळं त्यांना एकदम हाताच्या बोटांत आठवलं.

"अरे देवा. साफ करणारं तेच होतं, आणि मी तेच साफ केलं."

"चूक माझीपण आहे. मी सांगायला हवं होतं. पण कोळसा घासून धुणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं."

"पुण्यात राहतोस आणि भेटलं नाही?" बाळभावजी वर्तमानपत्राआडून म्हणाले.

सरुबाई फिसकन हसल्या, पण लगेच पदर तोंडाला लावला. हसण्याची वेळ नव्हती. दहा वाजून गेले होते.

बाळभावजींनी वर्तमानपत्र मिटलं. ते मिटलं म्हणजे आता ते गंभीरपणे बोलणार, हे सगळ्यांना माहीत होतं. "वहिनी, ऐका माझं. नळाची नळी त्या शेवटच्या टाकीत सोडा. दोन-तीन तास वाहू दे. गुलाबीचं फिकट होईल, फिकटाचं पांढरं. मॅडम नमुना नेतील, पास होतील, नंतर सावकाश करा तुमचे कोळशाचे प्रयोग. सगळे हेच करतात."

गेनबा, टाक्यांवर काम करणारा खेड-शिवापूरचा म्हातारा, त्यानं नळाकडे पाहिलं आणि मग उल्काताईंकडे. नळी तिथंच वेटोळं घालून पडली होती. एका हाताचं काम.

उल्काताईंना मोह झाला नाही असं कोण म्हणेल? झाला. टाळं लागलं तर सरुबाई कुठं जाणार, गेनबाला या वयात कोण ठेवून घेणार, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. पण पाणी मिसळून निकेल कुठं जात नाही. ते तेवढंच राहतं, नुसतं लपतं. आणि लपून जातं ते ओढ्यातच.

"नको," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी मला देवळात जाऊन बसायचंय. पहिल्या ओळीत. तिथं बुवांच्या डोळ्यांत बघावं लागतं."

"बुवांना निकेलचं काय कळतंय!"

"मला कळतंय ना."

त्या वळल्या. "प्रज्ञेश, नवा कोळसा करायला किती वेळ?"

"आज?" तो उभाच राहिला. "ताई, बुरकुंडं ओली असली तर संध्याकाळ होईल."

"पत्र्यावर पोती उन्हात टाकलीत की, पुढच्या खेपेसाठी. कडकडीत वाळलीत. काल मी बघितलं, हातात घेतलं की वाजतात."

प्रज्ञेशच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते बघून सरुबाईंनी पदर खोचला. "बघतोस काय? चढ वर!"

आणि मग काय झालं म्हणून सांगावं! त्या शेडनं अशी धावपळ कधी पाहिली नव्हती. गेनबा शिडी धरून उभा, प्रज्ञेश वरून पोती सोडतोय, खाली बायका झेलतायत, बुरकुंडं दाणदाण पिंपात पडतायत. पिंपाला गच्च झाकण, झाकणाला एक भोक, आणि पिंपाभोवती लाकडाचा जाळ. थोड्याच वेळात भोकातून धूर यायला लागला. पांढरा, दाट, डोळ्यांत जाणारा.

शेजारच्या शेडमधून कोणीतरी ओरडलं, "ओ ताई! आग लागली का?"

"लागली नाही, लावली!" उल्काताई इकडून ओरडल्या.

"बघा हां, अग्निशामकवाले येतील!"

"येऊ देत, त्यांनाही कोळसा फोडायला बसवते!"

धूर पातळ झाला आणि प्रज्ञेशनं भोकाशी पेटती काडी धरली. भप्प करून ज्योत उभी राहिली. आतला वायू बाहेर येऊन जळत होता. ही अशी सरळ, पिवळीधमक ज्योत, समईसारखी. उल्काताईंनी नकळत हात जोडले.

"आता ही विझेपर्यंत हात लावायचा नाही," प्रज्ञेश म्हणाला. "ज्योत विझली की आतलं काम झालं. आधी उघडलं तर सगळी राख."

थांबणं हे धावण्यापेक्षा अवघड. कीर्तनात बुवा ऐन रंगात आलेली कथा सोडून मध्येच नामस्मरणाला लावतात, तेव्हा माणसांचा जीव कसा खालीवर होतो, तसं उल्काताईंचं झालं. आणि अशा वेळी काय करायचं हे त्यांना पाठ होतं. त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. राम कृष्ण हरी. सरुबाई काही हरीचं नाव घेणाऱ्यांतल्या नव्हत्या, त्यांच्या घरी बुद्धवंदना; पण ठेका त्यांच्याही हातात गोड होता. त्यांनी टाळी दिली. गेनबानं ट्रेमधल्या चिपळ्यांच्या चकत्या ओंजळीत घेऊन खुळखुळवल्या.

"घ्या," बाळभावजी म्हणाले, "काम बंद पडायच्या आत भजन सुरू." पण त्यांचा पाय हलत होता. उल्काताईंनी पाहिलं, आणि पाहिलं हे दाखवलं नाही.

ज्योत बुटकी झाली. निळी झाली. भोकाच्या काठावर दोनदा लवलवली आणि गेली.

"पाणी!" प्रज्ञेश ओरडला.

झाकण काढलं आणि बादल्याच्या बादल्या आत. जे काही फुसफुसलं, जी काही वाफ उठली! कोळसा निवतोय न निवतोय तोच गोणपाटात घालून लाकडी दांडक्यांनी ठोकायला सुरुवात. बाळभावजींनी बाह्या दुमडल्या. "हळू मारताय सगळे. तांबटाची हाडं आहेत माझी, सरका." त्यांनी मारलेला पहिला घाव गोणीच्या शेजारी जमिनीवर बसला, पण दुसऱ्यापासून त्यांनी कोणाला जवळ येऊ दिलं नाही. सगळ्यांची तोंडं अशी काळी झाली की कोण कोण ते आवाजावरून ओळखावं.

मोठ्या पिंपातला धुतलेला कोळसा उपसला, नवा भरला. राखेसकट. वरून निकेलचं पाणी सोडलं, खाली तोटीला चौपदरी पंचा बांधला.

काळं. दौत उपडी केल्यासारखं काळंकुट्ट.

"काळजी नको," प्रज्ञेश म्हणाला. "ही बारीक पूड आहे. हे पाणी पुन्हा वरच्या टाकीत टाकायचं. वरून घाला, खालून घ्या, वरून घाला. पूड आपोआप कोळशातच अडकते."

त्यांनी फेऱ्या सुरू केल्या. बादली वर, बादली खाली. काळ्याचं करडं होत होतं. आणि नेमकी त्याच वेळी फाटकाशी गाडी थांबली. चार वाजायला अजून अवकाश होता, पण देशमाने मॅडम आल्या होत्या.

सडसडीत बाई, हातात नमुन्याच्या बाटल्यांची पेटी. त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकलं, काळ्या तोंडांची रांग पाहिली, तोटीतून येणारं करडं पाणी पाहिलं, आणि म्हणाल्या, "हे काय चाललंय?"

"या ना, मॅडम. आधी चहा..." उल्काताई पुढं आल्या.

"चहा नको. हे पाणी बाहेर सोडणार आहात?"

प्रज्ञेशनं तोंड उघडलं, बाळभावजींनी घसा खाकरला; पण उल्काताईंनी दोघांनाही हातानं थांबवलं. आणि त्यांनी सांगितलं. सगळं. बुरकुंडं, बरणी, मामंजींचा नियम, ॲसिडातली अंघोळ, सकाळचं गुलाबी पाणी, पत्र्यावरची पोती. काही लपवलं नाही, काही रंगवलं नाही. "कोळसा आत्ता दुपारी केलाय, मॅडम. अजून पूड जातेय. थोडं थांबाल तर स्वच्छ पाणी येईल. नाही थांबलात तर हे आहे ते न्या. आम्ही यात दुसरं काही मिसळलेलं नाही."

देशमाने मॅडमनी नळाकडे पाहिलं. नळी कोरडी होती. त्यांनी ती चपलेच्या टोकानं जराशी उलटून बघितलीसुद्धा. मग पालथ्या क्रेटवर रुमाल अंथरून बसल्या.

"कोळसा आजचा की कालचा, हे आम्ही विचारत नाही. आम्ही पाण्याचं विचारतो. थांबते. पण एक सांगा, हा कोळसा निकेलनं भरला की काय कराल? पुन्हा भिंतीशी पोती?"

प्रश्न सरळ होता. प्रज्ञेश शब्द जुळवायला लागला. पण उल्काताईंच्या डोक्यात काहीतरी लख्खकन चमकलं.

"ॲसिड! मॅडम, ॲसिडात बुचकळणार! काल मी नको तेव्हा बुचकळला. पण ॲसिडानं निकेल थांबत नाही म्हणजे बसलेलं निकेल सुटणारच की! ते पाण्यात उतरेल, आणि निकेलचं पाणी आम्ही विकतच घेतो, टाकीसाठी! प्रज्ञेश, बरोबर आहे का रे?"

प्रज्ञेश त्यांच्याकडे बघतच राहिला. "ताई... थिअरीमध्ये हो. लॅबमध्ये असंच काढतात. इथं किती निघेल, टाकीत घालण्याइतकं शुद्ध असेल का, ते करून बघावं लागेल. पण हो!"

"करून बघितल्याशिवाय मला सांगू नका," मॅडम म्हणाल्या. पण त्यांनी पेन काढून काहीतरी टिपून घेतलं.

बादली वर, बादली खाली. करड्याचं फिकट, फिकटाचं धूसर. मग गेनबानं तोटीखाली स्टीलचा पेला धरला आणि म्हणाला, "ताई, तळ दिसतूय बगा."

दिसत होता. पेल्याच्या तळावर कोरलेलं नावसुद्धा वाचता येत होतं.

मॅडम उठल्या. त्यांनी स्वतःच्या पेटीतले थेंब काढले, प्रज्ञेशच्या बाटल्यांना हात लावला नाही. दोन नळ्या घेतल्या. एकीत वस्तू धुण्याच्या टाकीतलं पाणी, एकीत तोटीतलं. पहिल्या नळीत थेंब पडले आणि ती रंगपंचमीसारखी पेटली. दुसरी नळी त्यांनी उजेडाकडे धरली. थेंब टाकले. हलवली.

सरुबाईंनी उल्काताईंचं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बांगडी रुतत होती.

पाणी पाण्यासारखंच होतं.

मॅडमनी आणखी हलवली. पांढरा कागद मागे धरून पाहिलं. चष्मा वर करून पाहिलं. नळी उल्काताईंच्या हातात दिली. "तुम्हीच बघा."

उल्काताईंना दिसेना, कारण डोळे भरले होते. त्यांनी काळ्या हातानं डोळे पुसले आणि तोंड आणखीच काळं झालं. "विठ्ठला! अरे, विठ्ठला!" एवढंच त्या म्हणत राहिल्या. प्रज्ञेशनं दोन्ही मुठी वर करून हवेत अशी उडी मारली की लटकणारा दिवा हलला. बाळभावजी चष्मा काढून बराच वेळ पुसत होते, आणि चष्मा काही तेवढा मळलेला नव्हता.

मॅडम मात्र बाटल्या भरत होत्या. झाकणं लावली, चिठ्ठ्या चिकटवल्या, सह्या घेतल्या. "हे माझे थेंब म्हणजे अंदाज. खरं काय ते प्रयोगशाळा सांगेल. अहवाल येईपर्यंत हा कोळसा धुवायचा नाही. कळलं?"

"हात लावणार नाही, मॅडम. शपथ."

"शपथ नको. फलक लावा."

त्या पेटी उचलून निघाल्या. उल्काताई फाटकापर्यंत मागोमाग गेल्या. विचारायचं तर होतं आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. शेवटी गाडीचं दार उघडताना त्यांनी विचारून टाकलं. "म्हणजे मॅडम... आम्ही काम सुरू ठेवायचं?"

देशमाने मॅडम वळल्या. "मी बंद करा म्हटलं का?"

"नाही."

"मग?"

आणि गाडी गेली.

उल्काताई शेडकडे वळल्या तेव्हा त्या चालत नव्हत्या, पळत होत्या. पन्नाशी उलटलेली बाई, नऊवारीचा ओचा एका हातात धरून. टाक्या सकाळपासून थंड होत्या. पेटीच्या कड्यांचा ट्रे भरून तयार, पितळेचा पिवळाजर्द. धुण्याच्या टाकीच्या तोंडाशी नवा कोळसा, त्याच्या पोटात राख, आणि खाली तोटीतून टपटप पडणारं पाणी, नितळ.

"गेनबा!" त्या दारातूनच ओरडल्या. "लाव करंट!"